सुरी घडवायची की घासायची?

स्वतःच्या हातानं सुरी करायची म्हटलं की सुरुवातीलाच दोन वाटा फुटतात. एक भट्टीची: पोलाद लाल करायचं आणि ऐरणीवर ठोकून आकार द्यायचा. दुसरी पट्टीची: पोलादाची सपाट पट्टी आणायची, आकार आखून कापायचा आणि नको तेवढं घासून काढायचं. मी आधी भट्टी केली, मग पट्टी. आज नव्यानं शिकायला बसलो तर क्रम उलटा ठेवीन.

भट्टीची ओढ जबरदस्त असते. केशरी झालेलं पोलाद घणाखाली मऊ पडतं, तो अनुभव दुसऱ्या कशात नाही. पण त्यातली मेख गावच्या लोहारकाकांकडे बसलो तेव्हा कळली. धारेची बाजू ठोकून पातळ करायला लागलो की ती लांब होते, पाठ तेवढीच राहते, आणि पातं केळ्यासारखं पाठीकडे वाकतं. मी ते सरळ करत बसलो होतो. काकांनी सांडशी हातातून घेतली, पातं आधीच धारेच्या बाजूला विळ्यासारखं वाकवलं आणि म्हणाले, "आता ठोक." धार पातळ होत गेली तसं पातं आपोआप सरळ होत आलं. असं शहाणपण हातात यायला वेळ लागतो आणि बरीच पाती वाया जातात.

एवढं करून सुरी तयार होत नाहीच. भट्टीतून निघालेल्या पात्यावर काळी खपली असते, घणाचे खड्डे असतात, धारेचे उतार दोन्हीकडे सारखे नसतात. म्हणजे घडवणाऱ्यालाही घासावं लागतंच. पट्टीवाल्याला मात्र घडवावं लागत नाही. माझा कौल घासण्याकडे झुकतो तो मुख्यतः यामुळे.

"ठोकलेलं पोलाद जास्त मजबूत" हे तुम्ही ऐकलं असेलच. आज मिळणारी पट्टी कारखान्यात लाटूनच आलेली असते. आपल्या घणानं ती आणखी घट्ट होत नाही. उलट पोलाद पिवळं-पांढरं होईपर्यंत तापवलं तर आतले बारीक कण मोठे होतात आणि पातं ठिसूळ होतं. घडवून झाल्यावर दोन-तीनदा लाल करून हवेत निवू द्यावं लागतं, ते हा बिघाड दुरुस्त करायलाच.

घडवण्याचा खरा फायदा आकारात आहे. गाडीच्या स्प्रिंगचा जाड पाटा ताणून मुठीपाशी जाड, टोकाकडे निमुळतं पातं काढता येतं. विळा, कोयता यांची वाकणं पट्टीतून कापायची तर निम्मं पोलाद भंगारात जाईल. तुमचं मन कोयत्यावर असेल तर भट्टीच धरा.

घासायला लागणारं सामान थोडं: अँगल ग्राइंडर, कानशी, सँडपेपर, दोन क्लॅम्प. पुढे जमलं तर बेल्ट ग्राइंडर. पट्टी कुठल्या पोलादाची ते विचारून घ्या. ईएन ३१, म्हणजे बेअरिंगचं पोलाद, यात सुमारे १ टक्का कार्बन असतो आणि धार छान टिकते. भंगारातल्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. पाणी दिल्यानंतर, म्हणजे पातं लाल तापवून एकदम निववून कडक केल्यानंतर, घासताना मी ते उघड्या बोटांनी धरतो. चटका जाणवला की लगेच पाण्यात. धारेवर निळी झाक आली की तेवढा भाग मऊ पडला, तो काढून टाकण्यावाचून इलाज नाही.

पाणी द्यायला मात्र दोघांनाही भट्टी लागते, निदान छोटी गॅसची तरी. सुरी बनते किंवा बिघडते ती इथे. आकार कानशीनं काढून घ्या, पण धारेपाशी साधारण १ मिमी जाडी राखा. पातळ धार वाकते किंवा तडकते. सुमारे ७७० अंशांवर पोलादाला लोहचुंबक चिकटेनासं होतं. त्याहून किंचित वर तापवून, धग सगळीकडे सारखी झाली की कोमट तेलात सरळ बुडवायचं. म्हणायचं "पाणी", पण या पोलादाला खरं पाणी दिलं तर टिंग असा आवाज येतो आणि पातं गेलं. नीट कडक झालं असेल तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. मग ओटीजीमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा, म्हणजे ठिसूळपणा उतरतो.

जागेचंही बघा. फ्लॅटमध्ये कोळशाची भट्टी विसरा. घासण्याची धूळ मात्र फुफ्फुसात बसते, तेव्हा साधा रुमाल चालणार नाही, चांगला मास्क आणि चष्मा हवाच. ऐरण म्हणून भंगारातला रुळाचा तुकडा घेणार असाल तर जपून; रेल्वेची चोरीची मालमत्ता जवळ बाळगणं १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. घरकाम, शेती अशा कामांसाठी नसलेलं, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र कायद्यात येतं, तेही ध्यानात असू द्या.

पहिली सुरी भाजीची करा: ३ मिमीची पट्टी, पाच-सहा इंचांचं पातं, शिसवी मूठ. अशा तीन झाल्या, दोन्ही बाजूंचे उतार सारखे यायला लागले, की एखाद्या लोहाराकडे जाऊन विचारा, "काका, आठवडाभर भाता चालवू का?"