मीटरवर १२.७ दिसलं म्हणून बॅटरी नवी नसते

फिश टँकसाठी इन्व्हर्टर-बॅटरी घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. परभणीत मी कसा गंडलो ते सांगतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुकानातून १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्युब्युलर बॅटरी घेतली. दुकानदार तोंडाचा गोड. "भाऊ, माशाच्या टाकीला असा लोड तरी किती? बिनघोर ऱ्हा, रात्रभर चालतंय." समोर मल्टिमीटर लावून १२.७ व्होल्ट दाखवले. "बघा, फुल्ल!" पक्क्या बिलाचं विचारलं तर म्हणे, उगं जीएसटीचे पैसे कशाला घालता, आणि पॅडच्या कागदावर हिशेब लिहून दिला. वॉरंटी कार्डावर शिक्का मारला, तारखेची जागा मात्र कोरी.

मे महिन्यात वादळ झालं, तारा तुटल्या, संध्याकाळीच लाईट गेली. दोन तासही झाले नसतील, इन्व्हर्टर बोंबलायला लागला आणि बंद पडला. टाकी चार फुटी, आत ऑस्कर जातीचे मासे. पाणी आधीच कोमट. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात पंप बंद पडला की माशांच्या हाताशी वेळच नसतो. सगळे वर येऊन तोंड वासायला लागले. आम्ही पाळीपाळीनं मगानं पाणी उचलून उंचावरून टाकीत सोडत बसलो, तरी दोन मोठे ऑस्कर गेलेच.

आता हिशेब बघा. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-अवर. माझा फिल्टर २० वॉटचा, एअर पंप ५ चा, इन्व्हर्टर स्वतः खातो ते १५ धरा. एकूण ४०. अर्धी बॅटरी वापरली तरी वीस-बावीस तास निघायला हवेत. माझ्या बॅटरीत ८० वॉट-अवरसुद्धा नव्हते.

बॅटरी भंगारवाल्याकडे नेली, काट्यावर टाकली. ३४ किलो. या मापाची नवी बॅटरी पाण्यासकट पन्नासच्या पुढे भरते. (दुकानातल्या पोरानं ती एकट्यानं जिना चढवली तेव्हा मला त्याच्या ताकदीचं कौतुक वाटलं होतं!) भंगारवाल्यानं नखानं स्टिकरचा कोपरा उचलला, खाली दुसऱ्याच मापाचं फाटकं स्टिकर. तारखेचा कोड ठोकलेला असतो तिथं ग्राइंडर मारून वर काळा रंग फासलेला. "जुन्या बॅटऱ्या धुऊन, रंगवून विकतेत मालक," तो म्हणाला. त्याला काही नवल नव्हतं.

चार्ज केलेली मेलेली बॅटरीही लोड नसताना मीटरवर १२.७ दाखवते. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून दुकानातच इन्व्हर्टरवर शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून निदान तासभर जळू द्या आणि मीटर तेव्हा बघा. चांगल्या बॅटरीचा काटा १२ च्या वर टिकतो, मेलेली भराभर खाली येते. तासभर थांबायला तो कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा. वजन करा, कोडवर बोट फिरवून बघा, सिरियल नंबर टाकलेलं पक्कं बिल घ्या.

खरं तर नुसते मासे जगवायचे तर एवढ्या मोठ्या बॅटरीची गरजच नाही. लाईट गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा छोटा एअर पंप मिळतो, तो पुरतो. पंप टाकीच्या खाली ठेवणार असाल तर नळीत उलटं पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह टाका, नाहीतर पाणी पंपात उतरतं. बंद डब्याचा फिल्टर बरेच तास थांबला असेल तर आतलं पाणी सडलेलं असतं. आधी ते ओतून टाका, स्पंज टाकीच्याच पाण्यात खंगाळा, मगच चालू करा.

दुकानदार आता म्हणतो, "हजार रुपये वर द्या, दुसरी देतो." नको म्हणालो. ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर तक्रार टाकली आहे. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला तिथं फी नाही. पुरावा म्हणून यूपीआयचा मेसेज, काट्याची चिठ्ठी आणि दोन्ही स्टिकरांचे फोटो आहेत. बॅटरी घरीच ठेवली आहे, तो रोज परत मागतोय.