ऑनलाइन मागवलेली अझेलिया, परभणीत दीड वर्ष वापरून (म्हणजे जगवून) लिहितेय

आधी स्टार सांगून टाकते, पाचपैकी तीन. झाडाला चार, पॅकिंगला चार आणि त्यांच्या साइटवरच्या माहितीला भोपळा, सरासरी काढून घ्या. कंपनीचं नाव मुद्दामच घेत नाही कारण दुसऱ्या कुणाकडून मागवली तरी झाड तेच येणार अन् आपल्या पाण्यात त्याचं व्हायचं तेच होणार.

झालं असं की मुलगी कॉलेजच्या ट्रिपला ऊटीला जाऊन आली आणि मोबाइलमधे नुसते अझेलियाच्या गुलाबी झुडपांचे फोटो, पान दिसंना एवढी फुलं. मग काय, आपल्याकडं कामून नाही म्हणून आधी इथल्या नर्सरीत गेले, तर तो दादा अझेलिया म्हटल्यावर बिनधास्त अडेनियम दाखवायला लागला, जाड बुडाचं. म्हटलं हे नाही हो, तर म्हणे ताई हेच घ्या, ते दुसरं इकडं टिकत नाही. तेव्हा राग आला होता. आता वाटतं तो एकटाच खरं बोलला.

ऑनलाइन ३४९ रुपयाला एक अशी तीन रोपं मागवली, दोन गुलाबी एक पांढरं. नोव्हेंबर महिना, सहा दिवसांत आली, कुंडीचं तोंड टेप लावून बंद, माती अजिबात सांडलेली नाही, फक्त एका रोपाची फांदी मोडलेली. प्रत्येकाला बारीक कळ्या होत्या आणि फेब्रुवारीत खरंच फुलली, गुलाबाच्या कळीसारखी डबल पाकळी. जो येईल तो विचारायचा हे काय लावलंय म्हणून. तेवढे तीन आठवडे मी हवेतच होते.

आता साइटवर काय लिहिलं होतं ते बघा: फुल सन, कोणतीही माती, कमी देखभाल, बॉर्डरला उत्तम. चारही गोष्टी आपल्या भागासाठी चूक. मी येडी, वाचून एक रोप सरळ अंगणात काळ्या मातीत लावलं, कंपाउंडच्या कडेला, पुढं रांग करू म्हणून. वीस दिवसांत खलास. उपटून बघितलं तर मुळं केसासारखी बारीक, सगळी वरच्या वर, वीतभर सुद्धा खाली गेलेली नाहीत. आपली माती ओली झाली की फुगते अन् वाळली की भेगा पडतात, त्यात असली मुळं तुटणार नाहीतर काय. खोल मुळाच्या झाडाचं ते रान आहे, ह्याचं नाही.

उरलेली दोन कुंडीतच ठेवली, ती बरी होती, आणि मार्चमधे नवी पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, एकदम जाळी काढल्यासारखं. मला वाटलं खत कमी पडलं म्हणून शेणखत घातलं, काही फरक नाही. कस्टमर केअरला फोटो पाठवला तर म्हणे पाणी वाढवा. वाढवलं. अजून पिवळं. त्यात सासूबाईंनी झाडाला ताकद येते म्हणून चुलीतली राख प्रेमानं दोन मुठी टाकली, मग तर बघायलाच नको.

शेवटी भाचा आला, तो इथंच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकायलाय. पान बघून लगेच म्हणाला, "मावशी, ही उपाशी नाही, हिला लोह मिळत नाही. चुना जास्त झालाय. मोसंबीला, भुईमुगाला आपल्याकडं हेच होतं." अंगणातली माती तपासून आणली तर पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढी माती आंबट) ८.१. अझेलियाला लागतो साडेचार ते सहा. म्हणजे आपण तिला पार उलट्या टोकाला आणून बसवलंय. म्हटलं पण कुंडीत तर आपली माती नाहीच, नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आहे! तर म्हणे माती नाही पण पाणी तर बोअरचंच घालतेस ना.

हाच सगळा खेळ आहे बघा. आमच्या बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर चुन्याचा पांढरा थर बसतो, बादलीच्या कडेला बसतो, तेच पाणी मी रोज प्रेमानं झाडाला घालायले आणि कस्टमर केअर म्हणतंय अजून घाला. सगळे म्हणतात मराठवाड्याच्या उन्हानं असली झाडं मरतात. ऊन तर आहेच, मे महिन्यात ४३ झाल्यावर माणसाचंच खरं नाही. पण सावलीला नेट बांधता येते, पाण्याला काय बांधणार?

तर मी केलं ते सांगते, कुणाच्या कामी आलं तर. पावसाळ्यात गच्चीचं पाणी २०० लिटरच्या ड्रममधे धरते, झाकण घट्ट, वर मच्छरासाठी कापड. उन्हाळ्यात एसीच्या पाइपखाली बादली, ते पाणी हवेतलंच असल्यानं त्यात क्षार जवळजवळ नसतातच, दोन कुंड्यांना पुरून उरतं. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र चुकून घालू नका, पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, आणि आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं तर नाहीच नाही, त्यात तर पाण्यातले सगळे क्षार जमा होऊन येतात. अगदीच अडचण आली तर बोअरच्या पाण्यात लिंबू पिळून घालते, शेजारीण हसते, हसू दे.

लोहाचं औषध दुकानात मागितलं की ईडीटीए वालं हातात देतात, स्वस्त असतं, पण चुनखडीत ते टिकत नाही, ईडीडीएचए लिहिलेलं मागायचं, महाग आहे पण चिमूटभरच लागतं. ते घातल्यावर तीनेक आठवड्यात नवीन पानं हिरवी निघाली. जुनी पिवळी तशीच राहिली, ती काही सुधारत नाहीत. राखेच्या कुंडीचं कोकोपीट सगळं बदललं, धुतलेलं कोकोपीट आणि कुजलेला पालापाचोळा, काळी माती चिमूटभर सुद्धा नाही.

लँडस्केपचं म्हणाल तर रांगबिंग विसरा. आमच्या ओट्याच्या पूर्वेला सकाळी नऊपर्यंत कोवळं ऊन येतं, तिथं दोन्ही कुंड्या, मागं फर्न, वर ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट. प्लास्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधे वाळू भरलीय अन् वाळू ओली ठेवते, माठासारखं गार राहतं. हे गेल्या मे महिन्यात केलं म्हणून झाडं वाचली, नाहीतर पानं गळून नुसत्या काड्या झाल्या होत्या. कंपाउंडला कण्हेर आणि बोगनवेल लावली शेवटी, ती बघायला सुद्धा लागत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. ह्या झाडाला कळी उघडायला आधी काही आठवडे गारवा लागतो, आणि परभणीची थंडी काय चीज आहे ते इथल्यांनाच माहीत, उगाच नाही आपण जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणत! डिसेंबरात पाच-सहावर पारा गेला की आम्ही शेकोटीपाशी आणि अझेलिया खुशीत. ह्या जानेवारीत एका कुंडीला अकरा फुलं आली. दुसरीला शून्य, कारण दिवाळीत माळ्याला गेट जवळची झुडपं छाटायला सांगितली तर त्यानं हिला पण गोल करून टाकलं. छाटायचं तर फुलं गळाली की लगेच, पुढच्या कळ्या ती पावसाळ्यातच धरून ठेवते.

शेळ्या आत येत असतील तर लांब ठेवा, पानं विषारी असतात, कुत्र्यामांजराला पण. हे त्या साइटवर कुठंच नव्हतं, आमच्या गल्लीत चार शेळ्या मोकळ्या फिरतात.

घ्यावी का? एसी असेल किंवा गच्चीचं पाणी धरायची तयारी असेल तर एकच रोप घ्या, कळ्या असलेलं, नोव्हेंबरात. नुसत्या बोअरवर असाल तर ३४९ रुपयात तीन महिन्यांचा बुके घेतला समजायचं. बिया विकणाऱ्यांच्या तर नादीच लागू नका, बी पासून फूल यायला वर्षं जातात. आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढाच, माझ्याकडं नव्हता म्हणून मोडक्या फांदीचं त्यांनी ५० रुपयाचं कुपन दिलं, ते पण पाचशेच्या वर खरेदी केली तरच चालणारं.