रविवारचा युद्धगुन्हे कोर्टांचा कोर्स, धरमपेठ, नागपूर: तिसऱ्या रविवारसाठी तरी लावाच

फी २,४०० रुपये, सहा रविवार, सकाळी दहा ते एक, धरमपेठेत एका जुन्या घराचा वरचा मजला, पंधरा-सोळा खुर्च्या आणि एक कूलर. शिकवणारे सर रिटायर्ड वकील. मी वकील नाही, कोर्टाच्या कागदांचं मराठी-इंग्रजी भाषांतर करते, सिव्हिल लाइन्सकडच्या वकिलांची कामं असतात, त्यामुळे आपल्याला झेपेल का असं वाटत होतं, पण झेपलं.

पहिले दोन रविवार न्यूरेंबर्ग, टोकियो, युगोस्लाव्हिया, रवांडा. ठीक आहे, हे यूट्यूबवर पण सापडते.

तिसऱ्या रविवारी सरांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले, वर्गणी आणि पट्टी. गणपतीची वर्गणी ज्याला जमेल तो देतो, नाही दिली तर मंडळवाले दुसऱ्या दारी जातात, पण घरपट्टी-पाणीपट्टी भरावीच लागते, थकली तरी ती अंगावर बाकी राहतेच. युगोस्लाव्हिया आणि रवांडाची कोर्टं संयुक्त राष्ट्रांच्या पट्टीवर, म्हणजे सदस्य देशांना भरावेच लागणाऱ्या पैशांवर, चालली. पण त्यांचा खर्च वाढत गेला, देश कुरकुरायला लागले, आणि सिएरा लिओनच्या (पश्चिम आफ्रिकेतला देश, तिथल्या यादवी युद्धातल्या गुन्ह्यांसाठीचं कोर्ट) वेळी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठरवलं की हे कोर्ट वर्गणीवर चालवायचं. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी २००० च्या अहवालातच स्पष्ट सांगितलं होतं की वर्गणीवर कोर्ट टिकणार नाही. २००२ मध्ये कोर्ट सुरू झालं, पैसे कमी पडले आणि २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला अनुदान देऊन ते वाचवावं लागलं. लायबेरियाचा माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर, त्याला २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली ती याच कोर्टात, म्हणजे तेव्हा कोणी हात दिला नसता तर काय झालं असतं हा विचार करून मला खरंच कसंतरी झालं.

पण मला हलवलं ते कंबोडियाने. ख्मेर रूज या तिथल्या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात, १९७५ ते १९७९, सतरा लाखांच्या आसपास माणसं गेली, आणि खटला चालवणारं कोर्ट सुरू व्हायला २००६ उजाडलं. तिथे दोन वह्या होत्या, एक संयुक्त राष्ट्रांच्या बाजूची, एक कंबोडियाच्या बाजूची, आणि दोन्हीकडे देणगीदार देशांचाच पैसा लागायचा. कंबोडियाच्या वहीतला पैसा संपला आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले. मार्च २०१३ मध्ये दुभाष्यांनी काम थांबवलं, सुनावणी ठप्प. त्याच महिन्यात आरोपी इएंग सारी, ख्मेर रूजचा परराष्ट्रमंत्री, मरण पावला, निकाल न लागताच. सप्टेंबरमध्ये परत संप. शेवटी आमसभेने २०१४ साठी १.५५ कोटी डॉलरपर्यंत अनुदान मंजूर केलं.

दुभाष्यांनी! मी वर्गात उठून बोलले, कारण मला माहीत आहे हे काम काय असते. आरोपी बोलतो ख्मेरमध्ये, न्यायाधीशांमधले काही परदेशी, मधला माणूस गप्प झाला की कोर्ट मुकं होते. न्यायाधीशाशिवाय खटला चालत नाही हे सगळ्यांना कळते, दुभाष्याशिवाय चालत नाही हे पगार थकल्यावरच कळते. माझे पण एका ठिकाणचे पैसे आठ महिने अडकले होते, म्हणून ते बाहेर बसलेले लोक मला परके वाटतच नाहीत.

लेबनॉनचं कोर्ट (माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांच्या हत्येच्या खटल्यासाठीचं) वीस मिनिटांत उरकलं, ते मात्र आवडलं नाही. त्या कोर्टाचा ४९ टक्के खर्च लेबनॉन सरकारने द्यायचा, ५१ टक्के वर्गणीतून. देशच आर्थिक संकटात सापडला आणि जून २०२१ मध्ये पुढचा खटला सुरू व्हायला दोन आठवडे राहिलेले असताना पैसे नाहीत म्हणून रद्द. वाट पाहत असलेल्या पीडितांना काय सांगितलं असेल, यावर तर पूर्ण रविवार हवा होता.

सरांचं म्हणणं, वर्गणीची तडजोड केली नसती तर ही कोर्टं उभीच राहिली नसती. असेल तसं. पण मला पटत नाही की सुरू करताना निदान संपेपर्यंतचे पगार बाजूला काढून ठेवता येत नाहीत, खटला अर्ध्यात सोडणं म्हणजे साक्षीदाराला एकदा सगळं आठवायला लावून घरी पाठवणं. हेगचं कायमचं कोर्ट, आयसीसी, सदस्य देशांच्या पट्टीवर चालते, तिथे पण काही देश उशिरा भरतात, तरी बाकी कोणाकडे आहे ते कागदावर असते. भारत त्याचा सदस्य नाही, १९९८ ला रोममध्ये आपण तटस्थ राहिलो, यावर पाचव्या रविवारी चांगली चर्चा झाली.

तक्रारी दोन. नोट्स सगळ्या इंग्रजीत आणि झेरॉक्स इतकी फिकट की कलमांचे आकडे वाचता येत नाहीत. आणि एप्रिलमध्ये तो एक कूलर पुरत नाही, पाण्याची बाटली घरून न्या. गाडी लावायला जागा गल्लीच्या तोंडाशीच मिळते.

पुढची बॅच पावसाळ्यात आहे म्हणाले. मराठी शब्दांची यादी मी करून देते असं सरांना सांगितलंय, दुभाषी, थकबाकी, अनुदान, पट्टी, एवढे लिहून झालेत.