पक्ष्यांसाठी झाडं लावायचं वर्कशॉप : ५ पैकी ४, एक स्टार माळीकाकांमुळे गेला

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या मागे लॉनचा एक पट्टा होता. खिडकीतून येऊरचं जंगल दिसतं, पण या लॉनवर कबुतरं आणि साळुंक्या सोडून कोणी फिरकायचं नाही. गेल्या जूनमध्ये एका ग्रुपला बोलावून तिथे दोन रविवारचं वर्कशॉप केलं, माणशी ६०० रुपये, रोपं धरून.

पहिला तास नुसतं बोलणं, कला आणि निसर्ग वगैरे, सीनियर मंडळी घड्याळ बघायला लागली. पण नंतर मजा आली. फक्की टाकून जमिनीवर भलामोठा पंख काढायचा, तोही आम्हीच, आणि आठव्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीतून फोनवर ओरडतायत, "अजून डावीकडे, अरे डावीकडे!" त्या रेघांवर मग करवंद, धायटी, मुरुडशेंग, कुडा, टोकाला एक पांगारा. मी गुलमोहर मागितला तर आर्टिस्ट ताई म्हणाल्या तो मूळचा मादागास्करचा, इथल्या फारशा अळ्या त्यावर जगत नाहीत आणि अळ्या नसतील तर पक्षी पिल्लांना भरवणार काय, दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडेच भरवते. हे मला चाळिशीत कळलं.

खरा वाद झाला वाळक्या खोडावरून. ताईंनी ते उभं पुरलं आणि शिल्प म्हणाल्या, सेक्रेटरी साहेब म्हणाले सरपण. तांबट पक्षी वाळक्या, मऊ लाकडात चोचीने भोक पाडून घरटं करतो आणि आपण वाळकी फांदी दिसली की तोडतो, म्हणून ते. घरटं अजून नाही झालेलं, पण फेब्रुवारीत रोज सकाळी त्याच्यावर बसून टुक टुक टुक चालू होतं. धायटीला चार लाल फुलं काय आली, मध प्यायला शिंजीर पक्षी हजर!

आता तक्रार. दिवाळीआधी माळीकाकांनी तण समजून अर्धा पंख साफ केला. त्यांचा काय दोष, वर्कशॉपला सगळे फ्लॅटवाले आणि रोज पाणी घालणाऱ्या माणसाला कोणी बोलावलंच नाही, ग्रुपने नाही नि आम्हीपण नाही. फोन केल्यावर रोपं फुकट परत दिली हे खरं, पण पाऊस संपलेला, निम्मी मेली.

करणार असाल तर जूनचीच तारीख घ्या, पाणी कोण घालणार ते आधी ठरवा आणि माळ्याची फी सोसायटीने भरा.

वरून बघितलं तर आता पंख बिंख काही दिसत नाही, नुसती झुडपं माजलीत. आजोबा म्हणतात, दिसतो.