गोल्डविंगचे ट्राइक : घरच्या गॅरेजात केलेले रूपांतर आणि त्यानंतरचे नऊ महिने

माझी होंडा गोल्डविंग जीएल १८०० ही २००८ सालची, ओहायोतील मेरिसव्हिलच्या कारखान्यात तयार झालेली गाडी आहे. सहा सिलिंडरचे १८३२ सीसीचे इंजिन, चेनऐवजी शाफ्ट आणि सामान भरले की चारशे किलोंच्या पुढे जाणारे वजन असा तिचा एकूण कारभार. गाडी वेगात असताना हे वजन जाणवतसुद्धा नाही. जाणवते ते थांबताना. उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच उन्हाळ्यात एका पेट्रोल पंपाच्या उतारावर, पत्नी मागे बसलेली असताना, पाय टेकवला आणि गुडघ्याने साथ सोडली. गाडी पडली म्हणण्यापेक्षा सावकाश खाली बसली. कोणाला लागले नाही. पण ती उचलायला दोन अनोळखी माणसे धावून आली, तेव्हाच दुचाकीवरचे आपले दिवस भरले हे मी मनोमन कबूल केले.

गाडी विकणे, तयार ट्राइक म्हणजे तीनचाकी मोटरसायकल घेणे किंवा आहे त्याच गाडीला किट, म्हणजे रूपांतराच्या भागांचा संच, बसवून तिची तीनचाकी करणे, असे तीन मार्ग होते. तिसरा निवडला, कारण इंजिन ठणठणीत होते आणि सिएटलजवळच्या आमच्या घरी, एका गाडीपुरते का होईना, गॅरेज होते. किट रंगवून घरपोच सुमारे नऊ हजार डॉलरना पडले. ते बसवून देण्याचे गॅरेजवाले आणखी अडीच हजार मागत होते. हे अडीच हजार वाचवावेत म्हणून मी सहा शनिवार-रविवार खर्ची घातले. त्या हिशोबात मजुरी धरली, तर वाचले काहीच नाही. मात्र गाडीचा मागचा अर्धा भाग आता मला तोंडपाठ आहे.

खोलण्याचे काम सोपे आहे आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सीट, दोन्ही बाजूंच्या पेट्या, सायलेन्सर, मागचे चाक आणि शेवटी स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक चौकटीला जोडणारी भुजा, असा क्रम असतो. स्विंगआर्म ज्यावर वर-खाली हलतो त्या पिव्हटवरील लॉकनटासाठी खास पाना लागतो. तो आधीच मागवून ठेवावा, नाही तर माझ्यासारखा एक अख्खा रविवार वाया जातो. निघालेला प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी लावली, त्यामुळे शेवटी हातात एकही बोल्ट शिल्लक राहिला नाही. शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे टोकावरील दात्यांवर, मॉली (मॉलिब्डेनमची) पेस्टच लावावी, साधे ग्रीस नको.

किटमध्ये नवा रुंद स्विंगआर्म, त्यात बसणारे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी), दोन एक्सेल, दोन पंधरा इंची चाके, कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबून धरणारे भाग), हँडब्रेक आणि फायबरची बॉडी एवढे येते. डिफरन्शियल नसते तर काय झाले असते, याचा हिशोब मी भाच्याला फरशीवर खडूने करून दाखवला. दोन मागच्या चाकांत १.२ मीटरचे अंतर असेल, तर पूर्ण गोल वळसा घेताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा साडेसात मीटर जास्त चालते, मग वळसा लहान असो की मोठा. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली, तर हे अंतर टायर घासूनच भरून काढावे लागेल.

खरे काम पुढे आहे, आणि घरी किट बसवू पाहणाऱ्याने सगळा जीव तिथेच ओतावा. मागचा एक्सेल गाडीच्या मध्यरेषेशी बरोबर काटकोनात बसला पाहिजे. किटसोबतच्या पुस्तिकेत यासाठी जेमतेम चार ओळी होत्या. मी लेझरच्या भानगडीत न पडता दोन ओळंबे घेतले. गॅरेजची फरशी आधी लेव्हलने तपासली, गाडी चारही बाजूंनी स्टँडवर पक्की केली, आणि पिव्हटच्या दोन्ही टोकांवरून व एक्सेलच्या दोन्ही टोकांवरून ओळंबे सोडून फरशीवर खडूने चार खुणा केल्या. मग टेपने दोन्ही कर्ण मोजले. गवंडी घराचा पाया आखताना काटकोन जसा तपासतात, तीच ही रीत. दोन्ही कर्ण सारखे आले तर एक्सेल सरळ बसला. पहिल्या मोजणीत सात मिलिमीटरचा फरक आला. स्विंगआर्मवरील लांबट भोकांमधून एक्सेल सरकवत, पुन्हा बोल्ट आवळत आणि पुन्हा मोजत रात्री दहाला तो फरक तीनवर आला. भाचा म्हणाला, "मामा, तीन मिलिमीटरनं काय होतंय? सोडा आता." मी सोडले नाही, आणि आज त्याचे समाधान वाटते, कारण दुसऱ्या दिवशी पाहिले तेव्हा एक्सेल जिथे टेकतो त्या डावीकडच्या बैठकीवर रंगाचा जाड थर राहिलेला सापडला. तो खरवडल्यावर फरक एक मिलिमीटरवर आला. गाडी हायवेवर उजवी-डावीकडे ओढत का नाही, असे अनुभवी ट्राइकवाले विचारतात तेव्हा त्याचे उत्तर या खरवडलेल्या रंगात आहे.

ब्रेकने मात्र माझा अंत पाहिला. या गाडीचे पुढचे-मागचे ब्रेक एकमेकांशी जोडलेले असतात. हाताचा लिव्हर दाबला तरी मागचा ब्रेक थोडा लागतो, पायाचा दाबला तरी पुढचा. त्यामुळे मागचे कॅलिपर बदलून तिथली हवा काढली की झाले, असे होत नाही. सगळ्या लाइनमधली हवा ठरावीक क्रमाने काढावी लागते. दोन बाटल्या डॉट-४ ब्रेक ऑइल संपले तरी पेडल स्पंजासारखे दबत होते. अखेर दोष सापडला तो माझाच होता. जोडावरील तांब्याचे जुने वॉशर मी काटकसर म्हणून पुन्हा वापरले होते आणि त्यातून केसाएवढी गळती होत होती. नवे वॉशर काही सेंटचे. ज्याला ब्रेकच्या कामाचा अनुभव नाही, त्याने बाकी सर्व घरी करावे. पण ब्रेक जाणत्या मेकॅनिककडून तपासून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

काटकसरीची दुसरी चूक अधिक महागात पडली. पुढच्या फोर्कचा कोन बदलणारे रेक किट वेगळे विकत घ्यावे लागते आणि ते मी पहिल्यांदा घेतले नाही. मूळ गाडीचा ट्रेल, म्हणजे हँडलच्या तिरक्या अक्षाची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथून पुढच्या टायरच्या टेकण्याच्या बिंदूपर्यंतचे अंतर, १०९ मिलिमीटर असतो. दुचाकीला तो हवाच असतो, कारण त्यामुळेच ती सरळ धावते. ट्राइक मात्र झुकत नाही, हँडल फिरवूनच वळवावे लागते, आणि तेवढा ट्रेल असेल तर चाक प्रत्येक वळणावर हाताशी भांडते. पहिले हजार मैल मी तसाच चालवत राहिलो. घाटातून आलो की दंड असे भरून यायचे, जणू दिवसभर रहाट ओढला आहे. मे महिन्यात रेक किट बसवले, चाक पुढे सरकले, ट्रेल कमी झाला आणि हँडल निम्म्या जोराने फिरू लागले. त्याबरोबर तीस-पस्तीस किलोमीटरच्या वेगाला, हात सैल ठेवल्यास, हँडल किंचित थरथरू लागले. स्टिअरिंगचे बेअरिंग थोडे आवळल्यावर आणि पुढच्या टायरातली हवा नीट केल्यावर ती थरथर जवळपास गेली. दोन्ही कामे एकदम केली असती, तर पुढचा भाग दोनदा खोलावा लागला नसता.

आता चालवण्याविषयी. तीस वर्षे दुचाकी चालवलेल्या माणसाला ट्राइक आपोआप येते, हा समज मी पहिल्या पाच मिनिटांत गमावला. दुचाकीला वेगात उजवीकडे वळताना आपण नकळत उजवे हँडल पुढे ढकलतो आणि गाडी उजवीकडे झुकते. ट्राइकवर उजवे हँडल ढकलले की ती निमूटपणे डावीकडे जाते. रविवारी रिकाम्या असलेल्या शाळेच्या पार्किंगमध्ये मी पहिलेच उजवे वळण घ्यायला गेलो आणि थेट डाव्या कठड्याच्या दिशेने निघालो. वेग नगण्य होता म्हणून निभावले. मेंदूत रुजलेली ही सवय मोडायला मला दोन आठवडे लागले, आणि अजूनही अचानक काही आडवे आले की हात जुन्या वळणावर जाऊ पाहतात.

दुसरी सवय पायाची. थांबताना पाय खाली टेकवायचा नाही. मागचे चाक आणि त्यावरचे रुंद मडगार्ड आपल्या टाचेच्या बरोबर मागे असते. पाय टेकवलेला असताना गाडी हातभर जरी पुढे सरकली, तरी पाय त्याखाली सापडतो. माझ्या डाव्या बुटाची टाच एकदा अशीच सोलली गेली. त्यानंतर पत्नी कित्येक दिवस प्रत्येक सिग्नलला मागून सांगत असे, "अहो, पाय वर!"

वळणावर शरीर बाहेरच्या बाजूला फेकले जाते, त्यामुळे वेग वळणाच्या आधीच कमी करून थोडे आतल्या बाजूला झुकून बसावे लागते. वेग जास्त राहिला तर आतले चाक उचलले जाते. तीन चाके आहेत म्हणून ही गाडी उलटत नाही, असे ज्याला वाटते त्याने ती चालवू नये. खड्डाही दुचाकीसारखा चुकवता येत नाही. मोटारवाला जो खड्डा दोन चाकांच्या मध्ये घेतो, तोच आपल्या पुढच्या चाकाखाली येतो, आणि पुढचे चाक वाचवले तर मागच्यापैकी एक सापडते. माझ्या किटमध्ये दोन्ही चाके एकाच ताठ स्विंगआर्मवर आहेत. एक चाक खळग्यात गेले की अख्खी गाडी त्या बाजूला कलंडून पुन्हा सरळ होते, अगदी बैलगाडीचे एक चाक चाकोरीतून उसळावे तशी. प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन असलेली किटे मिळतात. ती महाग असतात आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी तीच घेईन. येथील रस्ते पाणी वाहून जावे म्हणून उजव्या कडेला उतरते असतात. दुचाकीवर हे कधी कळलेही नव्हते. ट्राइक त्या उताराबरोबर कलते आणि हँडलवर सतत हलकासा डावा जोर ठेवावा लागतो.

एवढ्या तक्रारींनंतर चांगले काय, हेही सांगितले पाहिजे. पावसात ती निर्धास्त चालते, आणि सिएटलला हे महत्त्वाचे आहे. सिग्नलला थांबणे हा जो माझा मूळ प्रश्न होता, तो पूर्ण सुटला. डिकीत दोघांचे चार दिवसांचे सामान, तंबू आणि खाण्याचा डबा सहज मावतो. जुलैमध्ये आम्ही नॉर्थ कॅस्केड्समधून हायवे २० ने वॉशिंग्टन पासपर्यंत, म्हणजे सुमारे १,६७० मीटर उंचीवर गेलो. हा रस्ता बर्फामुळे हिवाळ्यात बंद असतो. तिथे पत्नी मागच्या सीटवर चक्क झोपली. दुचाकीवर तिने हे कधीही केले नव्हते.

आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. नऊ महिन्यांत साडेसहा हजार मैल, म्हणजे साधारण साडेदहा हजार किलोमीटर झाले. पूर्वी लिटरला सतरा किलोमीटर पडत, आता तेरा पडतात. टाकी पंचवीस लिटरची असल्यामुळे फार अडत नाही, पण पंप शोधण्याची वेळ लवकर येते. मागे मोटारीचे टायर असल्याने ते जवळपास नवेच दिसतात. पुढचा टायर मात्र दोन्ही कडांना झिजला, कारण वळणात तो झुकत नाही, घासत जातो. तो मला बदलावा लागला. पहिल्या आठशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासले, तेव्हा दोन सैल निघाले. आवळल्यावर प्रत्येक बोल्टावर रंगाची आडवी रेघ मारून ठेवावी. रेघ तुटली की बोल्ट फिरला हे नुसत्या नजरेने कळते. रिव्हर्स हा या गाडीत स्टार्टर मोटरवर चालतो आणि दुचाकीच्या वजनासाठी केलेला आहे. सपाटीवर तो ट्राइकलाही मागे नेतो, चढावर नेत नाही. म्हणून गाडी लावतानाच तोंड बाहेरच्या दिशेला करून लावतो.

कागदपत्रांत विमा कंपनीला किटची किंमत कळवून ती पॉलिसीत लिहून घ्यावी. वॉशिंग्टन राज्यात दुचाकी आणि तीनचाकी मोटरसायकलची परवान्यावरील नोंद वेगवेगळी असते, त्यामुळे मला तीनचाकीचा वर्ग करून ती नवी नोंद घ्यावी लागली. तो वर्ग गाडी रस्त्यावर काढण्याआधी केला असता तर शाळेच्या पार्किंगमधला तो प्रसंग टळला असता.

पुण्यातले दोन मित्र बुलेटला असे किट बसवता येईल का, म्हणून विचारत असतात. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. नोंदणीत लिहिलेल्या रचनेत असा बदल वाहनमालकाला मनाने करता येत नाही. आपल्याकडे अपंग व्यक्तींच्या स्कूटरना मागे दोन जादा चाके लावलेली दिसतात, ती मान्यता घेऊन लावलेली असतात आणि त्यांची रचनाही वेगळी आहे. तिथे मूळ मागचे चाक जागेवरच राहते आणि तेच गाडी ओढते.

माझ्या गाडीच्या चौकटीला मात्र कुठेही भोक पाडलेले नाही की वेल्डिंग केलेले नाही, त्यामुळे तिची पुन्हा दुचाकी करता येईल. मूळ स्विंगआर्म, चाक, दोन्ही पेट्या आणि चिठ्ठ्या लावलेल्या त्या बोल्टच्या पिशव्या तेल लावून गॅरेजच्या वरच्या फळीवर ठेवल्या आहेत. त्या फळीवर गणपतीच्या मखराचे सामान ठेवायचे असते, म्हणून पत्नीने मला पुढच्या ऑगस्टपर्यंत मुदत दिली आहे.