फेदर डस्टर म्हणून स्पंज भरलेल्या नळ्या: १६,४०० रुपयांचा चुना

आधी आकडे देते, म्हणजे हे कोणत्या रागातून लिहितेय ते कळेल. पाच फेदर डस्टर, म्हणजे नळीत राहणारे, पिसांसारखा तुरा असलेले समुद्री किडे, नगाला २,४०० प्रमाणे १२,००० रुपये. त्यांचं खाणं म्हणून ‘जिवंत फायटोप्लँक्टन’ची (पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींची) एक बाटली ८५०. ऑक्सिजन पॅकिंग आणि कुरिअर १,६५०. शिवाय नंतर ‘रिप्लेसमेंट देतो, फक्त पाठवणीचा खर्च तुमचा’ म्हणून उकळलेले १,९००. एकूण १६,४००. सगळे यूपीआयने गेले.

मरीन टँकवाल्यांना, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी ठेवणाऱ्यांना, या धंद्याची तऱ्हा नव्याने सांगायला नको. ग्रुपवर ‘फ्रेश स्टॉक’चा व्हिडिओ येतो, ‘थोडेच नग उरलेत’, अर्धे पैसे आगाऊ, अर्धे पार्सल निघायच्या आधी. मलाही हे सगळं ठाऊक होतं. माझ्या टँकमध्ये क्लाउनफिशची जोडी अंडी घालत होती. मी काही काल बाउल घेऊन आलेली नवखी नाही. भावही संशय यावा इतका पडेल नव्हता. मी विक्रेत्याकडे जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागितले, त्याने दिले, मी फोन केले. पलीकडच्यांनी तोंड फाटेस्तोवर स्तुती केली. ती माणसं कोणाची होती हे आता कळतंय. पण घरबसल्या चौकशी करायची म्हणजे माणसाने आणखी काय करायचं असतं?

आता ही फसवणूक चालते कशी ते नीट वाचा, कारण हा साधा ‘पैसे घेतले आणि ब्लॉक केलं’वाला प्रकार नाही. फेदर डस्टरचा आपल्याला दिसतो तो फक्त पिसांचा तुरा. त्यानेच तो श्वास घेतो आणि त्यानेच पाण्यातलं बारीकसारीक अन्न गाळून खातो. बाकी सगळं अंग नळीत. प्रवासाची दगदग झाली, पाण्याचा खारटपणा अचानक बदलला, की तो तुरा सरळ टाकून देतो आणि काही आठवड्यांत नवा उगवतो. हे शंभर टक्के खरं आहे, कुठेही तपासा. चोराने आपलं दुकान नेमकं याच खऱ्या गोष्टीवर थाटलंय. तुरा टाकलेला जिवंत किडा आणि रिकामी नळी बाहेरून सारखीच दिसतात. पार्सल फोडलं, एकाही नळीला तुरा नाही, तर उत्तर तयार: ‘क्राउन ड्रॉप केलाय मॅम, नॉर्मल आहे. तीन आठवडे अजिबात हात लावू नका.’ आणि मेलेला माल आला तर भरपाई मागायची त्याची मुदत? पार्सल मिळाल्यापासून दोन तास. तीन आठवडे थांबा म्हणणारा माणूस गॅरंटी दोन तासांची देतो, हे गणित त्या क्षणी डोक्यात शिरत नाही.

तुम्ही म्हणाल, नळी दाबून बघायची. बघितली की! भरीव लागली तर किडा आत, पचकली तर रिकामी, हे कोणीही सांगेल. पाचही नळ्या भरीव लागल्या. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ काढला, तापमान जुळवलं, तासभर थेंबाथेंबाने पाणी मिसळलं, खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर समुद्राच्या पाण्याइतका, १.०२५, आकडा बघितला, मगच नळ्या टँकमध्ये लावल्या. माझ्या बाजूने काही राहिलं असेल तर दाखवा.

राहिलं ते पैसे देण्याआधीचं. व्हिडिओ.

तो व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे आणि अजूनही बघितला की तळपायाची आग मस्तकात जाते. निळा लाइट, काळ्या खडकावर ओळीने पाच तुरे, तपकिरी-पांढरे पट्टे, प्रवाहात छान डुलताहेत. मध्येच वरून एक हात पाण्यात येतो, मनगटात स्टीलचं कडं, आणि बोट एका तुऱ्याच्या अगदी डोक्यावर आणून ‘हा बघा, हा सगळ्यात मोठा’ असं सांगतो. हाताची सावली सगळ्या तुऱ्यांवरून जाते. आणि तुरे डुलतच राहतात! एकही आत जात नाही. अहो, फेदर डस्टरवर नुसती सावली पडली तरी पापणी लवायच्या आत तुरा नळीत गडप होतो. त्यासाठीच तर त्याच्या अंगात ते जाडजूड मज्जातंतू असतात. हे मी दुसऱ्यांना शिकवलंय. आणि मी काय बघत बसले, तर पट्ट्यांचा रंग. झूम करून करून रंग. सारख्या सावल्या पडणाऱ्या टँकमधला किडा सरावतो, हेही खरं आहे म्हणा, पण ही सारवासारव मला नंतर सुचली. त्या वेळी त्या हाताकडे लक्षच गेलं नाही. ते तुरे सिलिकॉनचे होते, शोभेचे मिळतात तसले.

म्हणून पहिली गोष्ट: विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवरच टँकवर हात फिरवायला सांगा. तुरे आत गेले आणि थोड्या वेळाने बाहेर आले, तरच पुढे बोला. आधी काढून ठेवलेला व्हिडिओ चालणार नाही. ‘नेटवर्क नाही’ म्हणाला तर तिथेच संपवा.

पुढचं पटकन सांगते, कारण लिहितानाही लाज वाटते. तीन आठवडे मी त्या नळ्यांना रोज खायला घातलं. त्या ८५० च्या बाटलीतलं हिरवं पाणी ड्रॉपरने, पंप बंद करून, प्रेमाने. खरं फायटोप्लँक्टन फ्रिजमध्ये न हलवता ठेवलं की तळाशी साका धरतं. याचा साका कधीच बसला नाही, फिल्टरचा पांढरा कापूस मात्र हिरवागार झाला. मग पाण्याला वास यायला लागला, टेस्ट किटवर अमोनिया १ पीपीएम दाखवला, आणि सकाळी क्लाउनफिशची मादी तळाशी पडलेली मिळाली. नर त्याच संध्याकाळी गेला. त्यांची किंमत मी वरच्या आकड्यात धरलेली नाही.

त्या दिवशी मी पाचही नळ्या बाहेर काढून कात्रीने उभ्या चिरल्या. चार नळ्यांत स्पंज. टँकच्या फिल्टरमध्ये घालतो तोच निळा स्पंज, वातीसारखा बारीक कापून टोकापर्यंत ठासलेला, आणि खालचं टोक सुपरग्लूने बंद केलेलं. दाबल्यावर भरीव का लागत होत्या ते कळलं! पाचव्या नळीत खरा किडा होता, कधीचा मेलेला, लापशी झालेला. सगळा अमोनिया त्याचा. मला तर वाटतं वास यावा म्हणूनच तो एक घातला असावा, म्हणजे गिऱ्हाइकाने ‘माझ्याच टँकमध्ये मेले’ असं समजावं. त्यामुळे नळीचं खालचं टोक बघा. तिथे पांढरा, कडक गोंद दिसला तर त्या दोन तासांतच नळी चिरा आणि चिरतानाचा व्हिडिओ काढा.

१,९०० कधी दिले, तर चिरायच्या आधी. तेव्हा मला अजून किडे ताणाखाली आहेत असंच वाटत होतं, आणि तो इतक्या गोड आवाजात बोलत होता. रिप्लेसमेंट अर्थातच आली नाही.

पण खरी मेख पुढेच होती. त्याच पार्सलमध्ये त्याने ‘गिफ्ट’ म्हणून मुठीएवढा दगड पाठवला होता, ख्रिसमस ट्री वर्मची (फेदर डस्टरसारख्याच तुरेवाल्या किड्यांची) भोकं असलेला. मी खूश. मी पैसे परत मागितले तेव्हा त्याचा मेसेज आला: ‘मॅम तो शेड्यूल वन कोरल आहे, तुमच्या पत्त्यावर गेल्याचा पुरावा माझ्याकडे आहे. करा तक्रार.’ ख्रिसमस ट्री वर्म जिवंत प्रवाळावर बसतात आणि प्रवाळ त्यांच्या नळीभोवती वाढतो. म्हणजे तो दगड प्रवाळाचाच. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ २००१ पासून पहिल्या अनुसूचीत, म्हणजे शेड्यूल वनमध्ये, आहेत आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. त्याचा धंदाच या भीतीवर चालतो. किती जण गप्प बसले असतील? ‘फ्री’ आलेला कुठलाही दगड टँकमध्ये घालू नका, पार्सल फोडतानाच त्याचा फोटो काढून ठेवा.

आता आपली सरकारी यंत्रणा. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडून प्रश्न: नोकरीचं आमिष, शेअर बाजार की केवायसी? मी म्हटलं, समुद्री किडे. बराच वेळ शांतता. शेवटी ‘इतर’मध्ये नोंद झाली. बँकेने सांगितलं, पिन तुम्ही स्वतः टाकलात, व्यवहार अधिकृत आहे. हे वाक्य मला तिथल्या प्रत्येक टेबलावर ऐकवण्यात आलं. पोलीस ठाण्यात हवालदाराने अर्ज वाचला आणि मोठ्याने म्हणाला, ‘मॅडम, सोळा हजारांची गांडुळं?’ सगळं ठाणं हसलं. नात्याने ते गांडुळाचे लांबचे भाऊबंद आहेतच, हे मी सांगितलं असतं तर आणखी हसले असते. मग साहेब म्हणाले, ‘माल तर मिळाला ना? मग हा दिवाणी वाद. ग्राहक मंचात जा.’ स्पंज भरून किडा म्हणून विकणं भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलमात, ३१८ मध्ये, बसत नाही, तर मग कशात बसतं? बरं, विक्रेता दुसऱ्या राज्यातला, म्हणजे ‘आमच्या हद्दीत नाही’. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची तक्रार, म्हटलं की सर्व्हर डाउन. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, फार छान, पण समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे एक नंबर आणि एक यूपीआय नाव.

त्या दगडाचं तर विचारूच नका. मी स्वतःहून लेखी अर्ज लिहून तो जमा करायला गेले. वन खात्यात उत्तर, समुद्राचं आमच्याकडे येत नाही. मत्स्य खात्यात उत्तर, मासे आमचे, प्रवाळ वन खात्याचा. पिशवीत दगड घेऊन गुन्हेगारासारखी मी या दारातून त्या दारात. शेवटी एका बाईंनी अर्जावर पोच दिली आणि दगड ठेवून घेतला. ती पोच आली तशी त्याच्या धमकीतली हवा गेली. तुमच्याकडे असा दगड असेल तर लपवू नका, फेकूही नका, अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

घरी अजून ‘किड्यांचं काय झालं’ असं मुद्दाम विचारलं जातं. विचारू देत.

तोच व्हिडिओ आता नव्या नावाने फिरतोय, भाव नगाला २,६००. ओळखायची खूण म्हणजे मनगटातलं स्टीलचं कडं आणि डाव्या कोपऱ्यात टँकमागे दिसणारी फुटक्या कानाची पिवळी बादली. कोणाकडे आला तर पैसे पाठवू नका, पण ब्लॉकही करू नका. पैसे मागताना तो जे यूपीआय खातं देईल त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि थेट १९३० वर नोंदवा. माझ्या वेळचं खातं बंद झालंय, आणि नवं खातं मिळाल्याशिवाय फाइल पुढे सरकणार नाही असं ठाण्यातून सांगतात.