मागचे स्पीकर मुके: तीन जॅक, ऑप्टिकल, एचडीएमआय की यूएसबी?

पाच स्पीकर आणि सबवूफर मांडून झाले, पण आवाज येतोय पुढच्या दोघांतूनच. लगेच नवं साउंड कार्ड शोधायला लागू नका. आधी विंडोजच्या कंट्रोल पॅनलमधलं 'साउंड' उघडा, 'प्लेबॅक'मध्ये आपलं आउटपुट निवडा, 'कॉन्फिगर'मध्ये ५.१ ठेवा आणि 'टेस्ट' दाबा. सगळीकडून आवाज आला, तर जोडणी ठीक आहे. तुम्ही ऐकताय तेच स्टिरिओ आहे किंवा प्लेअर दोनच चॅनल सोडतोय. बहुतेक गाणी दोन चॅनलचीच असतात, आणि ती मागच्या स्पीकरना वाटून देण्याचं काम विंडोज आपणहून करत नाही. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे साउंड कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, 'स्पीकर फिल' असेल तर ते चालू करा. लिनक्सवर साउंडचं प्रोफाइल ५.१ आहे ना, एवढं बघा.

टेस्टमध्येच मागचे गप्प राहिले, तर मात्र कोणत्या वाटेने आवाज न्यायचा हे ठरवावं लागेल.

तीन जॅक. स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला, थेट कॉम्प्युटरला लागणारा ५.१ संच असेल तर माझं मत सरळ याच बाजूने. हिरवा जॅक पुढच्या स्पीकरचा, काळा मागच्यांचा, केशरी सेंटर आणि सबवूफरचा. गेम असो वा सिनेमा, सहाही चॅनल सुटे आणि जसेच्या तसे पोचतात. घोळ होतो तो मदरबोर्डवर हिरवा, निळा आणि गुलाबी असे तीनच जॅक असतात तेव्हा. निळा मुळात लाइन-इन (बाहेरचा आवाज आत घेण्याचा), गुलाबी माइकचा. ड्रायव्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचं काम बदलून द्यावं लागतं. बहुतेक ठिकाणी निळा मागच्यांसाठी आणि गुलाबी सेंटर-सबसाठी वापरतात. ते न करता वायरी खुपसल्या की पुढचे दोनच वाजणार.

आणखी एक गंमत: सिनेमातले संवाद सबवूफरमधून घुमल्यासारखे येतात आणि सेंटर जवळपास मुका असतो. केशरी वायरीत सेंटर आणि सब हे दोन्ही चॅनल एकत्र येतात, आणि काही संचांत त्यांचा क्रम उलटा असतो. स्पीकर बिघडलेला नाही. ड्रायव्हरमध्ये सेंटर आणि सबवूफरची अदलाबदल करण्याचा पर्याय असला तर तिथे एक खूण केली की झालं. अ‍ॅनालॉगचा खरा तोटा म्हणजे अर्थिंगच्या गडबडीने येणारी घरघर.

ऑप्टिकल. सर्वांत जास्त फसवणारी वाट हीच. वायर डिजिटल, म्हणजे दर्जा वरचा, असा समज होतो. प्रत्यक्षात तिच्यातून न दाबलेला आवाज फक्त दोन चॅनलचा जातो. ५.१ हवं तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबूनच पाठवावं लागतं. सिनेमाच्या फाइलीत तसा ट्रॅक असतो. प्लेअरमध्ये 'पासथ्रू' (ट्रॅक न उलगडता तसाच पुढे पाठवणं) चालू केलं की रिसीव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा सुटा अ‍ॅम्प्लिफायर, तो उलगडतो. गेम मात्र आवाज जागच्या जागी तयार करतो, म्हणून तो स्टिरिओच येतो. अपवाद एकच: साउंड कार्डात 'डॉल्बी डिजिटल लाइव्ह' किंवा 'डीटीएस कनेक्ट' असणं. 'कॉन्फिगर'मध्ये ५.१ निवडताच येत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा ऑप्टिकलवाल्यांचीच. जमेची बाजू अशी की वायरीतून वीज नव्हे, प्रकाश जातो; त्यामुळे घरघरीचा प्रश्न मिटतो.

एचडीएमआय. रिसीव्हर असेल तर डोळे झाकून हेच घ्या. न दाबलेले ८ चॅनलपर्यंत जातात, त्यामुळे गेमचंही ५.१ मिळतं. आवाज ग्राफिक्स कार्डातून येतो, तेव्हा प्लेबॅकच्या यादीत त्याचंच आउटपुट निवडा. तरी दोनच चॅनल दिसत असतील, तर मध्ये टीव्ही आहे का बघा. मला काय झेपतं हे समोरचं उपकरण कॉम्प्युटरला कळवतं, आणि अनेक टीव्ही 'स्टिरिओ' एवढंच कळवतात. कॉम्प्युटर थेट रिसीव्हरला लावा, टीव्ही त्याच्या पुढे. साधं एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच वायरीतून उलटा रिसीव्हरकडे नेण्याची सोय) वापरून टीव्हीमार्गे आवाज नेलात, तर ऑप्टिकलसारखीच मर्यादा येते. ईएआरसी या त्याच्या सुधारित रूपात ती उरत नाही. एक कटकट राहतेच: रिसीव्हर बंद केला की विंडोजला आउटपुटच दिसेनासं होतं आणि आवाज दुसरीकडे पळतो.

यूएसबी. म्हणजे यूएसबीला लावायचं बाहेरचं साउंड कार्ड. हेडफोनचा एकच जॅक असलेल्या लॅपटॉपला हाच सोपा उपाय. मात्र डब्यावर '७.१' छापलंय म्हणून भुलू नका. मागे हेडफोनचा एकच जॅक असेल तर ते हेडफोनसाठीचं आभासी सराउंड आहे. ५.१ साठी मागे तीन सुटे जॅक मोजून घ्या.

आणि रिसीव्हर जुना, एचडीएमआय नसलेला असेल, तर टाकून देण्याआधी त्याची पाठ पाहा. 'मल्टी-चॅनल इन' नावाखाली सहा आरसीए (गोल पिनेची) भोकं असली, तर ३.५ मिमी ते आरसीए अशा तीन वायरी कॉम्प्युटरच्या जॅकपासून तिथे जोडा. गेमसकट सगळं ५.१ त्याच्यावर चालेल. ऑप्टिकलच्या वाटेला जायचं कारणच उरत नाही.